मापकाकांना जोडा चावत नाही

नवा जोडा चावतो हे सगळ्या जगाला माहीत आहे. साहेबाला चावतो, शिपायाला चावतो, नवरदेवाला तर ऐन वेळी गाठून चावतो. चावत नसे तो फक्त मापकाकांना. निदान मापकाका तरी असं सांगत, आणि दिवसातून दहादा सांगत.

चौकातल्या जोड्यांच्या दुकानात ते एकतीस वर्षं नोकरीला होते. आत येणाऱ्या माणसाचं तोंड त्यांना नंतर दिसे, आधी पाय दिसत. "या, आठ नंबर, बसा," असं म्हणून गिऱ्हाईक बाकावर टेकायच्या आत ते खोकं काढत. "तुमचा डावा पाय उजव्यापेक्षा जरासा मोठा आहे, आजवर कुणी सांगितलं नसेल." गिऱ्हाईक चाट पडे. माप घ्यायची लाकडी फळी बाकाखाली धूळ खात पडलेली असे. ज्याच्या नजरेतच माप, त्याला फळी कशाला? म्हणून तर त्यांना सगळे मापकाका म्हणत.

आता चावणाऱ्या जोड्यांचं. पूर्वी दुकानात एक लाकडी पाऊल होतं. कुणाचा जोडा चावला की तो त्या पावलावर चढवून दोन-तीन दिवस ताणून ठेवायचा, म्हणजे मोकळा होई. सहा वर्षांपूर्वी एका अडेलतट्टू बुटात ते पाऊल तडकलं. मालक नवं आणायच्या विचारात होते, तर मापकाका म्हणाले, "कशाला? माझा पाय आहे की." त्यांनी तोच जोडा पायात चढवला, तीन दिवस दुकानात घालून हिंडले आणि हूं की चूं केलं नाही. जोडा मऊ झाला. मालक खूश, गिऱ्हाईक खूश. काउंटरवर पाटी लागली : 'चावणारा जोडा तीन दिवसांत मोकळा करून मिळेल.' लाकूड जिथे तडकलं तिथे आपला पाय टिकला, याचा मापकाकांना कोण अभिमान! लाकडाच्या जागी आणखी एक लाकूडच बसलं असेल, ही शंका काही त्यांच्या मनाला शिवली नाही.

पुढे मागणी वाढली तेव्हा ते एका वेळी दोन गिऱ्हाइकांची सोय बघू लागले. डाव्या पायात एकाचा काळा बूट, उजव्यात दुसऱ्याचा तपकिरी, दुपारनंतर अदलाबदल. नंबर लहान असेल तर बोटं दुमडून घालत, मोठा असेल तर मोज्यावर मोजा चढवत. रस्त्यावरची पोरं हसत. हसू देत. कलावंताला लोक हसतातच.

मापकाकांना बारा वर्षं मधुमेह होता. गोळ्या ते वेळेवर घेत, चहा बिनसाखरेचा पीत, आणि कुणी पेढा पुढे केला तर "शुगर आहे" हे पदवी असल्यासारखं सांगत. पहिली काही वर्षं तळपायांची आग व्हायची, मुंग्या यायच्या. मग एकाएकी सगळं थांबलं.

"कंटाळून गेल्या मुंग्या," ते बायकोला म्हणाले.

"गेल्या की मेल्या, ते डॉक्टरांना विचारा," बायको म्हणाली. या बाईला कौतुक म्हणून करता यायचं नाही, असं मापकाकांचं जुनं मत होतं.

डॉक्टरांना त्यांनी विचारलं नाही, कारण डॉक्टरच दर तीन महिन्यांनी त्यांना विचारत. रिपोर्टवरची नजर न काढता म्हणत, "पाय?" मापकाका म्हणत, "ठणठणीत." डॉक्टर म्हणत, "छान." संपलं. बारा वर्षांत त्या भल्या माणसाने मापकाकांचं रक्त पाहिलं, लघवी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली. मोज्याच्या आत काय चाललंय हे मात्र मोज्यालाच ठाऊक. डॉक्टरांच्या पाठीमागे भिंतभर तक्ता होता : 'मधुमेह आणि पायांची काळजी : दहा नियम.' डॉक्टरांची त्याच्याकडे पाठ असल्यामुळे त्यांचा नाइलाज होता. मापकाकांचं त्याच्याकडे तोंड असल्यामुळे त्यांना तो पाठ होता.

या पाठांतराचं एकदा चीज झालं. दवाखान्यात 'पायांविषयी जागृती' सुरू झाली आणि प्रत्येक रुग्णाकडून वीस प्रश्नांचा कागद भरून घ्यायचं ठरलं. नव्याने आलेल्या सिस्टरबाई कागद घेऊन मापकाकांसमोर बसल्या.

"नवीन जोडा एकदम दिवसभर घालू नये, माहीत आहे?"

"माहीत आहे."

"जोडा घालण्याआधी आत हात फिरवून बघावा?"

"अहो, हे तर मी गिऱ्हाइकांना शिकवतो!"

"रोज तळपाय बघावेत, दिसत नसतील तर आरसा धरावा?"

"आरसा काय, आमच्या दुकानात पायांसाठीच आहे एक. जमिनीलगत, तिरपा."

वीसपैकी वीस. कागदावर प्रत्येक ठिकाणी 'माहीत आहे का' एवढंच विचारलं होतं, 'करता का' असा रकानाच नव्हता. ज्याने तो छापला तो माणूस मोठा समजूतदार असावा, उगाच कुणाला खोटं बोलायला लावलं नाही. मापकाकांना 'जागरूक रुग्ण' असं प्रशस्तिपत्र मिळालं. ते त्यांनी चौकटीत बसवून दुकानात टांगलं, बरोबर त्या तिरप्या आरशाच्या वर.

सिस्टरबाई मात्र चिवट निघाल्या. पुढच्या खेपेला त्यांनी मापकाकांना आतल्या खोलीत नेलं, पलंगावर झोपवलं आणि म्हणाल्या, "काका, मोजे काढा."

मापकाका दचकलेच. या दवाखान्यात असलं काही कधी ऐकलं नव्हतं. सिस्टरबाईंच्या हातात पेनासारख्या दांडीला लावलेला नायलॉनचा एक जाडसर दोरा होता. "डोळे मिटा. तळव्याला दोरा लागला असं वाटलं की 'हो' म्हणा. बस, एवढंच."

मापकाकांनी डोळे मिटले आणि वाट बघितली. काहीच होईना. अजून सुरुवात झाली नसेल, म्हणून ते पडून राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं, की सिस्टरबाई पुढे वाकल्या की त्यांचं स्टूल करकरतं. मग काय, किल्लीच सापडली! स्टूल करकरलं की मापकाका "हो" म्हणू लागले. करकर, हो. करकर, हो. एकतीस वर्षं गिऱ्हाइकं ओळखलेला माणूस, एका स्टुलाला थोडाच हार जाणार?

करकर.

"हो. अंगठ्याला."

करकर.

"हो. आता करंगळीला."

"काका, डोळे उघडा," सिस्टरबाई म्हणाल्या.

दोरा त्यांच्या खिशात होता. दोन्ही हात मांडीवर होते.

"तुमचा दोराच बारीक आहे," मापकाका म्हणाले.

"काका, तुमचे पाय बधिर झालेत." सिस्टरबाईंच्या आवाजात चिडणं नव्हतं, त्यामुळे मापकाकांना जास्तच राग आला. "अशा पायाला जखम झाली तर तुम्हाला कळणार नाही. आणि न कळलेली जखम सडते, मग बोटं कापावी लागतात, कधी पाय कापावा लागतो. यापुढे दुसऱ्यांचे जोडे घालणं बंद. स्वतःचाही बघून घालायचा. रोज तळवे बघायचे. कबूल?"

एरवी एवढं ऐकून माणसाच्या तळपायाची आग मस्तकाला जाते. मापकाकांच्या बाबतीत तो रस्ताच बंद होता. तरी मस्तक आपल्या जागी तापलं. आपला पाय, ज्याची बाजारात पाटी लागते तो पाय, आणि ही काल आलेली मुलगी त्याला बधिर म्हणते?

सिस्टरबाईंनी फाइलवर लाल शाईने लिहिलं आणि त्या स्वतः फाइल घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी लाल शाई वाचली. "हं," ते म्हणाले. "पुढच्या वेळी सविस्तर बघू. आणि काका, बरं झालं तुम्ही आलात." त्यांनी टेबलाखालून एक खोकं काढलं. "तुमच्याच दुकानातला जोडा. दहा मिनिटं घातला तर जीव नकोसा झाला. रविवारी सभागृहात माझं भाषण आहे, तेवढा मोकळा करून द्या. आणि पुढे तळाला लोखंडी पट्टी मारून द्या, माझे बूट तिथेच झिजतात."

"भाषण कशावर?" मापकाकांनी विचारलं.

"पायांच्या काळजीवर," डॉक्टर म्हणाले.

मापकाकांनी सिस्टरबाईंकडे असं पाहिलं, की कज्जा जिंकलेला माणूससुद्धा इतका छाती काढून बघणार नाही. खुद्द डॉक्टरच आपला जोडा या पायाच्या हवाली करतात, मग दोऱ्याचं काय घेऊन बसलात! सिस्टरबाई काहीतरी बोलायला गेल्या, पण डॉक्टरांनी पुढच्या रुग्णाची घंटी वाजवली होती.

दुकानात येऊन मापकाकांनी आधी पट्ट्या मारल्या. प्रत्येक बुटाला तीन खिळे. गिऱ्हाइकाच्या हातात बूट देण्यापूर्वी ते नेहमी आत हात घालून बोटांनी चाचपत, मग म्हणत, "बघा, आत काही नाही ना? बघून घ्यावं माणसाने." हे बघायला लोक खास थांबत. पण या खेपेला समोर गिऱ्हाईक नव्हतं. बघणारंच कुणी नाही, तर बघायचं कुणासाठी? मापकाकांनी बूट सरळ पायात चढवले. डॉक्टरांचा नंबर सात. बोटं दुमडून घेतली.

पहिल्या संध्याकाळी बायको मोजे धुवायला बसली. "हा कसला रंग?"

"जोड्याचा. तपकिरी आहे, नवा आहे, सोडणारच."

दुसऱ्या संध्याकाळी ती म्हणाली, "जोडा दोन पायांचा आणि रंग एकाच मोज्याला कसा लागतो?"

"दोन बुटांचं चामडं दोन जनावरांचं असतं," मापकाका म्हणाले. धंद्यातलं कुणी विचारलं की ते असं ठामपणे बोलत, मग ते खरं असो नसो.

"आणि या जनावराला वास का येतो?"

"नव्या चामड्याला येतो."

"मोज्याला येतोय, अहो. पाय दाखवा बघू."

"आता तूपण दोरा घेऊन बस," मापकाका म्हणाले आणि पेपर उघडून आड बसले. बायकोने मोजा साबणात दोनदा चोळला. उजव्या मोज्यावरचा अंगठ्याखालचा डाग फिका झाला, गेला नाही. तिला त्यात काहीतरी वाईट दिसलं होतं. पण बत्तीस वर्षांच्या संसारात जोड्यांच्या बाबतीत शेवटचा शब्द आपला नाही, हे तिला पक्कं शिकवलेलं होतं. शनिवारी जोडा पॉलिश होऊन डॉक्टरांकडे गेला.

रविवारी सभागृह भरलं होतं. तीनशे खुर्च्या, सहाशे पाय, आणि त्यातले बरेचसे मोज्यांच्या आड जपून ठेवलेले. जागरूक रुग्ण म्हणून मापकाकांना व्यासपीठावर जागा होती. बायको पहिल्या रांगेत. डॉक्टरांनी व्यासपीठावरच्या खुर्चीत बसूनच जोडा बदलला. पाय आत सरकवत ते मापकाकांच्या कानाशी म्हणाले, "वा! अगदी घरच्यासारखा झालाय." मग बसल्या बसल्या त्यांनी स्वागत ऐकलं आणि टाळ्यांमध्ये उठून समोरच्याच माइकपाशी उभे राहिले.

"मित्रहो," ते म्हणाले, "पाय हा शरीराचा सर्वांत दुर्लक्षित अवयव आहे. पायाकडे वाकून बघायला आपल्याला वेळच नसतो." असं म्हणत ते जोर देण्यासाठी माइककडे झुकले, सगळा भार चवड्यांवर आला, आणि "आई गं!" असं किंचाळून त्यांनी उजवा पाय वर उचलला.

ती किंकाळी माइकमधून सहाशे पायांच्या मालकांनी ऐकली. डॉक्टरांनी एका पायावर उभं राहून बूट ओढून काढला, आत हात घातला आणि पुन्हा ओरडले. अंगठ्याच्या जागी खिळ्याचं टोक वर आलं होतं. पट्टीचा तिसरा खिळा. त्यांनी बूट उजेडात धरला. आतलं कातडं अंगठ्याखाली काळं पडलं होतं, आणि तो रंग पॉलिशचा नव्हता.

 बूट हातात घेऊनच डॉक्टर मापकाकांकडे वळले. माइक अजून चालूच होता.

"काका, हा जोडा तीन दिवस तुमच्या पायात होता?"

"हो," मापकाका म्हणाले. या वेळी कुठलं स्टूल करकरलं नव्हतं.

 दहा नियमांच्या तक्त्याने बारा वर्षांत जे केलं नव्हतं, ते एका खिळ्याने अर्ध्या मिनिटात केलं. डॉक्टरांना अर्धं मिनिट सहन झालं नाही आणि मापकाकांना तीन दिवस कळलं नाही, हा हिशेब शेवटच्या रांगेपर्यंत प्रत्येकाला समजला. सिस्टरबाई बाजूच्या पायऱ्यांवरून वर आल्या. त्या गुडघ्यावर बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "काका, मोजा."

मोजा सहज निघाला नाही. अंगठ्यापाशी चिकटला होता. निघाला तेव्हा डॉक्टरांनीच आधी तोंड फिरवलं. बारा वर्षांनी ते मापकाकांचा पाय प्रथमच बघत होते. अंगठ्याखाली भोक होतं, अंगठा आणि शेजारचं बोट सुजून काळंनिळं झालं होतं. पहिल्या रांगेतून मापकाकांची बायको उठली, वर चढून आली आणि भर व्यासपीठावर म्हणाली, "मी विचारलं होतं. मी तीनदा विचारलं होतं हो." मग ती रडू लागली. मापकाकांना वाटलं, आपल्यालाही रडू यायला हवं. पण दुखतच काही नव्हतं. भीती मात्र वाटली, आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःच्या पायाची.

भाषण तिथेच थांबलं. घरी जाता जाता बऱ्याच लोकांनी सभागृहाच्या पायऱ्यांवर बसून मोजे काढले. उरलेल्यांनी ठरवलं, की आपण काही दुसऱ्यांचे जोडे घालत नाही, तेव्हा आपल्याला भ्यायचं कारण नाही.

पाय वाचला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट वाचलं नाही. मापकाका दीड महिना रुग्णालयात पडून होते. डॉक्टर रोज येत, आणि बोलण्याआधी पांघरूण बाजूला करून पाय बघत. आता तर म्हणे सर्दीचा रुग्ण आला तरी ते मोजे काढायला लावतात. तो तक्ता त्यांनी भिंतीवरून काढून स्वतःच्या समोरच्या भिंतीवर लावला. सुचलं हे खरं, पण दोन बोटांनी उशिरा.

मापकाका दुकानात परतले तेव्हा बायको बरोबर होती. तिने त्यांना गिऱ्हाइकांच्या बाकावर बसवलं. नवा जोडा घ्यायचा होता, रुंद, मऊ, आत शिवण नसलेला.

"आठ नंबर," मापकाका म्हणाले. "डोळे झाकून आठ."

"डोळे झाकूनच झालंय सगळं," बायको म्हणाली. तिने बाकाखालची फळी ओढली, पदराने धूळ पुसली आणि त्यांचा धडका डावा पाय उचलून तीवर ठेवला. खाली वाकून वाचलं, पुन्हा वाचलं. "नऊ."

"शक्य नाही."

"नऊ आहे. किती वर्षं आठ घालताय?"

मापकाकांनी स्वतः वाकून पाहिलं. नऊ. साऱ्या गावाचं माप नजरेने सांगणारा माणूस किती वर्षं एक नंबर लहान जोड्यात कोंबून हिंडत होता, देव जाणे. घट्ट असला की तेवढं कुठे 'पायात काहीतरी आहे' असं वाटे, म्हणून त्यांना तोच बरा वाटत आला होता. समोर तिरप्या आरशात त्यांचा उजवा तळवा दिसत होता, पुढची दोन बोटं नसलेला. त्यांनी मान वळवली नाही. सिस्टरबाईंनी रोज बघायला सांगितलं होतं. वरचं प्रशस्तिपत्र त्यांनी त्याच दिवशी उतरवून घेतलं.

इतक्यात दारातून एक तरुण लंगडत आत आला. परवाच नेलेला जोडा हातात होता. "काका, तुम्ही आलात, बरं झालं. हा फार चावतो हो. पाटी आहे ना तुमची? तेवढा मोकळा करून द्या."

मालकांनी घाईघाईने पाटी पालथी घातली. मापकाका मात्र त्या तरुणाच्या टाचेकडे बघत होते. तिथे रुपयाएवढा लालभडक फोड आला होता.

"बसा," ते म्हणाले. "कुठे चावतो?"

"टाचेला."

"कसा चावतो?"

"कसा म्हणजे? दुखतं. आग होते."

"आधी आग होते, मग दुखतं? की दोन्ही एकदम?"

तरुण वैतागला. "अहो काका, दुखतंय म्हणजे दुखतंय! त्यात सांगायचं काय एवढं?"

"नाही, सांगा," मापकाका म्हणाले. त्यांनी जोडा त्याच्या हातातून घेऊन बाजूला ठेवला आणि बाकावर त्याच्या जवळ सरकले. "नीट आठवून सांगा. मला ऐकायचंय."